महिनाआड एक दिवा

रोमन साम्राज्यात मेव्हिया नावाची एक बाई वारली. जाण्यापूर्वी तिने मृत्युपत्र करून ठेवले होते. तिच्या घरी साक्कस नावाचा एक गुलाम होता आणि यूटिकिया व आयरीनी नावाच्या दोन दासी होत्या. या तिघांना तिने मुक्त केले, पण मुक्ततेच्या वाक्याला एक अट जोडली. त्यांनी तिच्या थडग्यापाशी महिनाआड दिवा लावावा आणि मृतासाठी नेमलेले विधी करावेत, अशी ती अट होती. पुढे ही तिघे थडग्याकडे नेमाने जाईनाशी झाली. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, दिवा लागत नाही, तर मग ही माणसे मुक्त मानायची की गुलाम? हा प्रश्न हेरेनिअस मॉडेस्टिनस या तिसऱ्या शतकातल्या नामांकित कायदेपंडितापुढे गेला. त्याने दिलेले उत्तर जस्टिनिअन बादशहाच्या आज्ञेने इ.स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या 'डायजेस्ट' या प्रचंड कायदेसंग्रहात सुरक्षित राहिले आहे. ते उत्तर काय होते, हे शेवटी सांगतो. आधी त्या दिव्याकडे वळू.

दिवाळीच्या अंकात थडग्यातल्या दिव्यांविषयी लिहिणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा ठेवणारे आपण. घरात माणूस गेले की त्या जागी दहा दिवस दिवा तेवत ठेवणारेही आपणच. तेव्हा दिव्याचे आणि मरणाचे नाते आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. मात्र रोमन लोकांचे त्या बाबतीतले मन आपल्यासारखेच होते, असे गृहीत धरून चालणार नाही. ते त्यांच्याच वस्तूंवरून आणि त्यांच्याच लेखांवरून समजून घ्यावे लागेल.

रोमन दिव्याला लॅटिनमध्ये 'लुसेर्ना' म्हणत. आपली पणती उघडी असते, हा दिवा वरून झाकलेला असे. तळहातावर मावेल एवढे मातीचे चपटे, गोलसर भांडे, एका बाजूला वातीसाठी पुढे आलेली चोच, आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूला बोट अडकवण्यापुरता कान. वरच्या बाजूस मध्यभागी किंचित खोलगट तबकडी असे आणि तिच्यात तेल ओतण्यासाठी एक छिद्र. भूमध्य समुद्राच्या काठचे तेल म्हणजे अर्थातच ऑलिव्हचे. वात तागाची किंवा तशाच एखाद्या वनस्पतीच्या तंतूंची. एका वातीचा उजेड मेणबत्तीएवढा, फार तर फार. ज्यांना अधिक उजेड परवडे ते दोन, तीन किंवा त्याहून जास्त चोचींचे दिवे घेत. झाकलेल्या घडणीमुळे दिवा हातात घेऊन चालले तरी तेल सांडत नसे आणि त्यात उंदीर, किडे पडत नसत. परंतु या झाकणाचा खरा लाभ निराळाच झाला. चित्र काढायला एक जागा मिळाली.

ही जागा रोमन कुंभारांनी वाया घालवली नाही. पहिल्या शतकातल्या दिव्यांच्या तबकडीवर ज्युपिटर आणि त्याचा गरुड आहे, ढाल घेतलेली मिनर्व्हा आहे, पंख पसरलेली विजयदेवता आहे. रथांच्या शर्यती आहेत, गुडघ्यावर आलेला योद्धा आणि त्याच्यावर शस्त्र उगारलेला दुसरा योद्धा आहे. नाटकातले मुखवटे, ससे, कुत्रे, डॉल्फिन, शिंपले, फुलांच्या पाकळ्या आणि उघडीवाघडी शृंगारचित्रेही आहेत. राजवाड्यातल्या भिंती रंगवणारा चित्रकार गरिबाच्या घरी कधी गेला नसेल, पण हे दिवे गेले. सामान्य रोमन माणसाच्या मालकीचे एकमेव चित्र पुष्कळदा त्याच्या दिव्यावरचे असावे.

हे शक्य झाले ते साच्यामुळे. जुने ग्रीक दिवे चाकावर घडवलेले असत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून भूमध्य प्रदेशात साच्याचे दिवे रुळले आणि रोमन काळात चाकाचा दिवा जवळजवळ मागे पडला. कुशल कारागीर प्रथम एक मूळ नमुना घडवी. त्यावरून माती किंवा चुनखडीच्या गचाचा दोन भागांचा साचा घेतला जाई, वरचा एक आणि खालचा एक. दोन्ही भागांत मऊ माती बोटांनी दाबून बसवायची, किंचित सुकल्यावर दोन्ही अर्धी जोडायची, सांधा पुसून घ्यायचा, तेलाचे आणि वातीचे छिद्र पाडायचे, पातळ रंगीत मातीत बुडवून काढायचे आणि भट्टीत लावायचे. नमुना घडवायला हातात कला हवी होती, पण साच्यात माती दाबायला ती फारशी लागत नसे. त्यामुळे दिवा स्वस्त झाला. उत्तर आफ्रिकेतल्या काही दिव्यांवर फेरीवाल्याच्या आरोळीसारखा मजकूर आहे. त्यात चित्रांचे दिवे एका 'अॅस'ला घ्या, असे गिऱ्हाइकाला सांगितले आहे. 'अॅस' म्हणजे तांब्याचे नाणे, चांदीच्या दिनाराचा सोळावा हिस्सा.

साच्याबरोबर नक्कलही आली. दुसऱ्याचा चांगला खपणारा दिवा बाजारातून विकत आणायचा, त्यावरूनच नवा साचा काढायचा आणि आपला माल सुरू करायचा. पण मातीने या नक्कलेची साक्ष जपून ठेवली आहे. खानापूरच्या कुंभाराला हे सांगावे लागणार नाही की, माती वाळताना आणि भाजताना आखडते. दिव्यावरून काढलेल्या साच्यातला दिवा मूळ दिव्यापेक्षा थोडा लहान निघतो, त्याच्यावरून काढलेला आणखी लहान, आणि दर पिढीला चित्राच्या रेषा बोथट होत जातात. योद्ध्याचे नाक जाते, मग तलवार जाते, शेवटी नुसता उंचवटा राहतो. आज अभ्यासक दिव्यांची मापे घेऊन कोणता दिवा आजोबा आणि कोणता नातू, हे लावू शकतात.

पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीतून एक वेगळ्या घाटाचा दिवा निघाला. त्यावर चित्र नाही, असलाच तर लहानसा मुखवटा. मात्र तळाशी ठसठशीत अक्षरांत कारखान्याचे नाव. फोर्टिस, स्ट्रोबिलस, कम्युनिस, यूकार्पस अशी ही नावे आहेत. यांतले फोर्टिस हे नाव ब्रिटनपासून डॅन्यूब नदीच्या खोऱ्यापर्यंत सापडते आणि ते शंभराहून अधिक वर्षे चालू राहिले. इतकी वर्षे एकच माणूस जगत नाही. म्हणजे नाव वारसांनी चालवले असणार, आणि त्याहून अधिक ते इतरांनी उचलले असणार. इ.स. २००८ मध्ये इटलीतल्या मोदेना शहरात प्राचीन कुंभारवाड्याचा उकिरडा उकरला गेला, तेव्हा या अनेक नावांचे दिवे एकाच ठिकाणी मिळाले. मोदेना हेच या दिव्यांचे मोठे माहेर होते, याचा तो पुरावा ठरला. हा माल कसा फिरत असे, हेही एका अपघाताने कळले. इ.स. १८८१ मध्ये पोंपेई येथे एका घरात न उघडलेली पेटी सापडली. तिच्यात गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून आलेले ९० तांबडे वाडगे आणि उत्तर इटलीतले ३७ दिवे होते. पेटी आली होती, पण ती उघडण्याआधी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसचा डोंगर फुटला.

याच शतकांत रोमन साम्राज्याचा माल समुद्रमार्गे आपल्याही किनाऱ्याला लागत होता आणि घाट चढून वर येत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी काशाची मूर्ती तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहता येते. रोमचे जग आपल्याला वाटते तितके दूरचे नव्हते, एवढ्यासाठीच तिचा उल्लेख केला.

आता थडग्यांकडे वळू. या दिव्यांची ओळख युरोपला झाली तीच मुळी थडग्यांतून. रोमन कायद्याने, थेट बारा तक्त्यांच्या जुन्या कायद्यापासून, शहराच्या आत प्रेत पुरण्यास किंवा जाळण्यास बंदी होती. त्यामुळे वेशीबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना थडग्यांच्या रांगा लागल्या. रोमच्या आप्पिया रस्त्यावर त्या आजही उभ्या आहेत. घरातला दिवा फुटतो आणि उकिरड्यावर जातो, पण थडग्यातला दिवा शाबूत राहतो. म्हणून सतराव्या शतकात जमीन खणणाऱ्यांच्या हाती जे अखंड, चित्रांचे दिवे आले, ते बहुतेक थडग्यांतले होते. पिएत्रो सान्ती बार्तोली या कोरीव चित्रकाराने इ.स. १६९१ मध्ये रोम येथे त्यांचा एक देखणा चित्रसंग्रह काढला आणि त्याच्या नावातच 'थडग्यांतले चित्रांकित दिवे' असा शब्दप्रयोग केला. ग्रंथ गाजला आणि दिव्यांना 'थडग्यांतले दिवे' हे बिरुद चिकटले.

त्याच्याही आधी एक अद्भुत कल्पना पसरली होती. फोर्तुनिओ लिचेती नावाच्या विद्वानाने इ.स. १६२१ मध्ये व्हेनिसला एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन लोकांना कधीही न विझणारा दिवा करता येत होता आणि असे दिवे बंद थडग्यांत शतकानुशतके तेवत राहिले, असे त्याचे म्हणणे होते. इ.स. १४८५ मध्ये आप्पिया रस्त्यावर एका तरुणीचे न कुजलेले प्रेत मिळाले होते आणि ते पाहायला सारे रोम लोटले होते. ती सिसेरोची लाडकी मुलगी तुलिया, असे कुणी म्हणाले. मग कथेला पालवी फुटली की, थडगे उघडले तेव्हा आत दीड हजार वर्षांचा दिवा जळत होता आणि वारा लागताच तो विझला. ओत्ताव्हिओ फेरारी याने इ.स. १६८५ मध्ये या मताचा समाचार घेतला. तेल संपले की दिवा विझतो आणि कोंडलेल्या जागेत तर त्याहून लवकर विझतो, हे खरे तर कोणत्याही घरातल्या बाईला ठाऊक होते. पण चमत्काराची ओढ अशी की, हे सांगायलाही एक ग्रंथ लिहावा लागला.

एकोणिसाव्या शतकात चमत्कार गेले आणि बाजार आला. लुईजी पाल्मा दि चेस्नोला हा अमेरिकेचा वकील म्हणून इ.स. १८६५ मध्ये सायप्रस बेटावर आला आणि त्याने थडगी उकरण्याचा सपाटाच लावला. हजारो वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतल्या आणि इ.स. १८७९ मध्ये तो त्या संग्रहालयाचा पहिला संचालकही झाला. त्याच्या मालात दिव्यांचे ढीग होते. पण कोणता दिवा कोणत्या थडग्यातला, तो प्रेताच्या उशाशी होता की पायाशी, दाराशी होता की अस्थींच्या भांड्यात, त्याच्या शेजारी काय होते, याची विश्वसनीय नोंद फारशी उरली नाही. दिवे वाचले, पण ते ज्यासाठी ठेवले होते ती हकीकत गेली. जगातल्या कितीतरी संग्रहालयांच्या काचेच्या कपाटांत आज असे हकीकत हरवलेले दिवे रांगेने बसले आहेत.

या अभ्यासाला शिस्त लागली ती थडग्यातून नव्हे, केरकचऱ्यातून. स्वित्झर्लंडमधल्या विंडिश गावी विंदोनिस्सा या रोमन फौजेच्या छावणीचा मोठा कचऱ्याचा ढिगारा आहे. पहिल्या शतकातल्या शिपायांनी जे मोडके-तुटके फेकले ते त्यात जसेच्या तसे राहिले. तिथल्या दिव्यांचा अभ्यास करून झिगफ्रीड लोश्के याने इ.स. १९१९ मध्ये त्यांचे घाट पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. आज शंभर वर्षांनंतरही दिवा हातात आला की अभ्यासक आधी विचारतो, हा लोश्केचा कितवा? या कामातून जी गोष्ट स्पष्ट झाली ती साधी पण महत्त्वाची होती. छावणीच्या कचऱ्यात जे दिवे होते तेच थडग्यांतही होते. घाट तेच आणि योद्धे, ससे, विजयदेवताही त्याच. थडग्यासाठी म्हणून वेगळा असा दिवा बहुधा नव्हताच. जो दिवा स्वयंपाकघरात, दुकानात, खानावळीत जळत होता, तोच मेलेल्याच्या सोबतीला जात होता.

ही गोष्ट मान्य केली की अनेक सुंदर तर्क कोसळतात. थडग्यातल्या दिव्यावर पडलेला योद्धा दिसला की तो मरणाचे प्रतीक, डॉल्फिन दिसला की तो आत्म्याला परलोकी नेणारा, असे अर्थ लावण्याची जुन्या विद्वानांना हौस होती. एखाद्या आप्ताने असा विचार करून दिवा निवडला नसेलच, असे नाही. पण तोच डॉल्फिन शिपायाच्या खोलीतही होता. चित्र थडग्यासाठी काढलेले नव्हते, एवढे निश्चित.

मग दिवा थडग्यात का? याला एकच उत्तर नाही. रोमन परंपरा असे सांगते की, फार पूर्वी अंत्यसंस्कार रात्री मशालींच्या उजेडात होत. पुढे ते दिवसा होऊ लागले तरी आग आणि उजेड यांचे स्थान टिकून राहिले. काही दिव्यांच्या चोचीवर काजळी आहे, म्हणजे ते वापरात होते. काहींवर ती मुळीच नाही, म्हणजे ते बाजारातून आणून तसेच ठेवले. काही चितेवरच भाजून काळे पडले आहेत. शिवाय सगळीकडे हीच रीत नव्हती. ब्रिटनमध्ये ऑलिव्हचे तेल समुद्रापलीकडून आणावे लागे. तिथे थडग्यात दिवा क्वचित मिळतो, आणि मिळतो तो बहुधा छावणीच्या किंवा मोठ्या शहराच्या आसपास. ज्याच्या घरी दिवा त्याच्याच थडग्यात दिवा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.

पण दिवा ठेवून सारे संपत नसे. दर वर्षी १३ ते २१ फेब्रुवारी हे दिवस 'पारेंतालिया', म्हणजे पितरांचे असत. माणसे वेशीबाहेर जात, थडग्यावर फुले, धान्य, मीठ, द्राक्षरसात भिजवलेली भाकरी ठेवत. काही थडग्यांना तर वरून नळी बसवलेली असे, तिच्यातून द्राक्षरस थेट खाली अस्थींपर्यंत ओतला जाई. रोममधल्या एका लेखात तर महिन्यातून तीनदा, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि 'नोनी' व 'ईदी' या ठरलेल्या तिथींना, धूप घालून पेटता दिवा आपल्यासाठी ठेवावा, अशी तजवीज केलेली आहे. एका दुसऱ्या थडग्यावर ठरावीक कुणाला विनंती नाही. जो कुणी येथे पेटता दिवा ठेवील त्याच्या राखेवर सोन्याची माती पडो, असा वाटसरूला आशीर्वाद आहे. हे वाचताना मनात कालवते. ज्याच्यामागे कुणी नव्हते, किंवा असूनही येईल याची खात्री नव्हती, त्याने परक्यापुढे हात पसरला आहे.

नवा धर्म आला तरी हात तेच राहिले. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अॅनिअस सेरापिओडोरस याच्या नावाचा ठसा असलेले दिवे मिळतात. त्यांतल्या काहींवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. तो ख्रिस्ती गिऱ्हाइकाला येशू वाटे, इतरांना नुसता मेंढपाळ. त्याच ठशाच्या इतर दिव्यांवर जुने देवही आहेत. कुंभाराने गिऱ्हाइकाचा धर्म विचारला नाही. स्पेनमधल्या एल्विरा येथे चौथ्या शतकाच्या प्रारंभी भरलेल्या धर्मसभेने दफनभूमीत दिवसा मेणबत्त्या लावू नयेत असे ठरवले, कारण त्यामुळे संतांच्या आत्म्यांना त्रास होतो. इ.स. ३९२ मध्ये थिओडोसिअस बादशहाने घरातल्या देवतांपुढे दिवा लावणे, धूप घालणे आणि माळा वाहणे हा गुन्हा ठरवला. पुढे थोड्याच वर्षांत हुतात्म्यांच्या थडग्यांपुढे भरदिवसा जळणाऱ्या मेणबत्त्यांची एका ख्रिस्ती धर्मगुरूनेच थट्टा केली, तेव्हा संत जेरोम याने इ.स. ४०६ मध्ये त्याला झणझणीत उत्तर लिहिले. रोमच्या भुयारी दफनभूमीत थडग्यांच्या तोंडाशी गिलाव्यात बसवलेले दिवे सापडतात, ते त्या भाविकांचेच. आफ्रिकेतल्या तांबड्या दिव्यांवर चौथ्या शतकापासून ख्रिस्ताची आद्याक्षरे, मासे, मोर दिसू लागतात आणि काहींवर ज्यूंची सात शाखांची समईही. देव बदलले, कायदे बदलले. माणसाने मेलेल्यापाशी उजेड ठेवणे मात्र सोडले नाही.

आता मेव्हियाच्या त्या तीन माणसांकडे. मेव्हिया हे नाव रोमन कायद्याच्या लिखाणात आपल्या 'अमुकबाई'सारखे वारंवार येते, तेव्हा ते खरे असेलच असे नाही. पण साक्कस, यूटिकिया आणि आयरीनी ही नावे तशी ठरावीक नाहीत. प्रकरण खरे असावे असे वाटते ते त्यामुळे. मॉडेस्टिनसने मृत्युपत्राचा शब्द आणि बाईचे मन, दोन्ही पाहिले. तो म्हणाला की, तिने यांची मुक्तता दिव्यावर टांगून ठेवलेली नाही. ही माणसे मुक्त होऊन, मुक्त म्हणून आपल्या थडग्यापाशी यावीत, अशी तिची इच्छा होती. म्हणून ती मुक्तच आहेत. परंतु तिची आज्ञा पाळायला त्यांना भाग पाडणे, हे न्यायाधीशाचे काम आहे.

या निकालात दोन्ही बाजू आहेत. दिवा लावला नाही म्हणून कुणाला पुन्हा गुलाम करता येणार नाही, एवढे मोठेपण त्यात आहे. आणि जी माणसे आयुष्यभर तिच्या घरचे दिवे लावत आली, त्यांना ती गेल्यावरही तिच्याच दिव्यातून सुटका नाही, हा त्या समाजाचा निष्ठुरपणाही त्यात आहे. ही तिघे का जाईनाशी झाली, हे त्या निकालात नाही. थडगे लांब असेल, पोटापाण्याचा व्यवसाय असेल, किंवा मुक्त झालेल्या माणसाला मालकिणीच्या दाराशी पुन्हा तेलाची बुधली घेऊन उभे राहवत नसेल.

संग्रहालयातला असा एखादा दिवा पाहण्याचा योग आला, तर तबकडीवरचे चित्र पाहून झाल्यावर त्याची चोच जरूर पाहावी. तिथे काजळी असेल, तर तो कुणीतरी लावला होता. हौसेने, मायेने की हुकमावरून, ते मात्र काजळीवरून कळत नाही.